फुकट फाईलचा हिशेब

फाईल शेअर करण्याविषयी तंत्रप्रेमींच्या बोलण्यात एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो. फाईलची प्रत काढायला काही खर्च येत नाही. प्रत काढल्याने मूळ फाईल कमी होत नाही. तेव्हा ती वाटण्यात कुणाचेच नुकसान नाही. यातले पहिले विधान खरे आहे, दुसरेही खरे आहे. तिसरे या दोहोंतून निघत नाही, पण ते इतक्या सहजपणे मागे जोडले जाते की सांधा दिसत नाही. कादंबरीच्या पीडीएफपासून आधार कार्डाच्या फोटोपर्यंत रोजची सारी देवाणघेवाण त्याच सांध्यावर उभी आहे. प्रत काढण्याचा खर्च संपला हे कबूल. फाईल तयार करण्याचा, ती वाचता येईल अशी ठेवण्याचा, जपण्याचा आणि भलत्या हाती पडू न देण्याचा खर्च मात्र संपलेला नाही. पाठवणाऱ्याने तो भरायचे बंद केले, म्हणून तो दुसऱ्या कुणाला तरी भरावा लागतो.

या मताची सर्वांत समर्थ मांडणी जॉन पेरी बार्लो यांनी केली. बार्लो हे अमेरिकेतल्या वायोमिंगमधले पशुपालक, 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडचे गीतकार आणि १९९० मध्ये निघालेल्या 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन'चे एक संस्थापक. मार्च १९९४ च्या 'वायर्ड' मासिकात त्यांचा 'द इकॉनॉमी ऑफ आयडियाज' हा लेख प्रसिद्ध झाला. प्रताधिकाराचा कायदा आजवर मद्याला नव्हे तर बाटलीला संरक्षण देत आला, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तक, तबकडी, फिल्म या त्या बाटल्या. मजकूर आता बाटलीवाचून वाहू लागला, तेव्हा बाटल्यांचा कायदा मोडीत निघणार. लेखाच्या माथ्यावर थॉमस जेफरसन यांच्या १८१३ च्या पत्रातला एक उतारा होता. एका दिव्यावर दुसरा लावल्याने पहिल्याचा उजेड घटत नाही, तसे विचाराचे आहे, हा त्याचा आशय. आजच्या बहुतेक तंत्रप्रेमींनी बार्लो वाचलेले नसतात, पण हा दिव्याचा दाखला त्यांच्यापर्यंत कसा कोण जाणे पोचलेला असतो.

उतारा जिथे थांबतो, तिथून पुढे जेफरसन काय म्हणतात ते पाहण्याजोगे आहे. विचारांवर निसर्गतः मालकी नसली तरी उपयुक्त कल्पनांना उत्तेजन मिळावे म्हणून समाज काही काळ एकहाती हक्क देऊ शकतो. द्यावा की नाही हे समाजाने आपली इच्छा आणि सोय पाहून ठरवावे, असे पत्रात लगेच पुढे येते. पत्राचा विषयच पेटंट हा होता, आणि अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार पेटंट मंजूर करणाऱ्या पहिल्या मंडळावर खुद्द जेफरसन बसले होते. म्हणजे दिव्याचा दाखला देणारा माणूस तेलाचा विचार करूनच बोलत होता.

प्रत काढणे म्हणजे चोरी नव्हे, हा तंत्रप्रेमींचा आवडता मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. एल्विस प्रेस्लीच्या अनधिकृत तबकड्या टपालाने विकणाऱ्या एका टोळीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले, की प्रताधिकाराचा भंग आणि मालाची चोरी या एक गोष्टी नाहीत. भारतातही चोरीचा गुन्हा वेगळा आणि १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातले कलम ६३ वेगळे. चित्रपटगृहात 'पायरसी म्हणजे चोरी' अशी पाटी दाखवणारे निर्माते इथे शब्दाचा गैरवापर करतात, हे मान्य करायला हरकत नाही.

पण चोरी नाही म्हणजे गैर काही नाही, असे होत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये विनातिकीट बसणारा माणूस काहीच चोरत नाही. गाडी तशीही कर्जतला जाणारच होती, डबा तसाही भरलेला होता, त्याच्या वजनाने वीज जास्त जळली असेल तर ती मोजता येण्याजोगी नाही. प्रत्येक विनातिकीट प्रवाशाचा हिशेब एकेकट्याने मांडला तर रेल्वेचे नुकसान शून्य भरते. आणि तरीही गाडी ज्या पैशांवर धावते, ते तिकीट काढणाऱ्यांचे असतात. फाईलबाबतही प्रश्न इतकाच आहे: पुढची गाडी कुणाच्या पैशाने सुटणार?

बार्लो यांनी याचे उत्तर दिले होते, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे. निर्मात्याने प्रतीवर पैसे मागू नयेत. प्रत्यक्ष सादरीकरण, नाते, सेवा यांवर जगावे. पुरावा म्हणून त्यांच्याजवळ त्यांचाच बँड होता. ग्रेटफुल डेडने श्रोत्यांना मैफली ध्वनिमुद्रित करू दिल्या, १९८४ पासून तर त्यासाठी वेगळी जागाच राखली. या टेप हातोहात पसरल्या आणि मैफलींची तिकिटे तुफान खपली. दाखला खरा आहे, पण अर्धा. टेप फक्त आपसात बदलायच्या होत्या, विकायच्या नव्हत्या. आणि बँडने स्टुडिओत केलेल्या ध्वनिमुद्रिका नेहमीसारख्या विकल्या जात होत्या. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह'वर या मैफली हजारोंच्या संख्येने फुकट उतरवता येऊ लागल्याचे पाहून बँडच्याच मंडळींनी त्या काढून घ्यायला लावल्या. बार्लो यांनी जाहीर नाराजी दाखवली, श्रोत्यांनी ओरड केली, तेव्हा श्रोत्यांनी केलेली मुद्रणे परत उतरवता येऊ लागली. ध्वनियंत्रणेवरून घेतलेली चांगली मुद्रणे मात्र फक्त ऐकण्यापुरती ठेवली गेली. मैफलीची टेप हातोहात फिरते तोवर जाहिरात होते, आणि सगळा साठा एका क्लिकवर आला की मालाच्या विक्रीला मारक होते, हा फरक उदारपणाचा आदर्श म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बँडलाही पाळावा लागला.

मैफलीचा मार्ग सगळ्यांना खुला आहे असे समजणे ही दुसरी चूक. गायक गाऊ शकतो. अनुवादकाने काय करावे? मुद्रितशोधकाने? शब्दकोश करणाऱ्याने कुठल्या रंगमंचावर उभे राहावे? मराठीत लेखकाला व्याख्यानमालेचे आमंत्रण येते. शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मिळते. त्यावर कुणाचे घर चालल्याचे ऐकिवात नाही.

मराठी पुस्तकाचे आकडे इतके लहान असतात की या वादात ते घालायला तंत्रप्रेमी लाजतो. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, हे जुने माप. अलीकडे पाचशेचीही निघते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि लेखकाचे मानधन दहा टक्के धरले, तर हजार प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती ३० हजार रुपये येतात. तेही एकदम येत नाहीत. त्याच पुस्तकाची पीडीएफ एखाद्या टेलिग्राम चॅनेलवर पडली की ती एका संध्याकाळी आवृत्तीच्या कितीतरी पट लोकांपर्यंत जाते. यावरचे ठरलेले उत्तर असे, की ज्यांनी फुकट उतरवले ते विकत घेणारच नव्हते. बहुतेकांच्या बाबतीत हे खरेच असते. पण जिथे आवृत्तीच हजाराची, तिथे बहुतेकांना सोडून उरलेले शंभर जणच दुसरी आवृत्ती निघणार की नाही हे ठरवतात. लाखांनी खपणाऱ्या इंग्रजी कादंबरीला शंभर ग्राहक गळाल्याचे कळतही नाही. फुकट वाटपाचा सिद्धान्त मोठ्या बाजारपेठेत घडला. छोट्या भाषेला तो तसाच लावला जातो.

नुकसान झाले की नाही यावर संशोधन नाही असे नव्हे. 'जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी'मध्ये २००७ साली फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्प्फ यांनी २००२ मधील डाऊनलोडांची माहिती तपासून विक्रीवरचा परिणाम शून्यापासून वेगळा काढता येत नाही असा निष्कर्ष मांडला. तंत्रप्रेमी हा निबंध हातात धरून असतात. त्यावर स्टॅन लीबोवित्झ या अर्थतज्ज्ञाने कडक टीका केली, हे ते सांगत नाहीत. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये, म्हणजे गाण्यांच्या फाईली आपसांत वाटण्याची नॅपस्टर ही सोय आली त्या वर्षी, सुमारे १,४६० कोटी डॉलर होती. २०१४ पर्यंत ती निम्म्याखाली आली. सगळा दोष फाईल शेअरिंगचा म्हणणेही चूक ठरेल, कारण २००३ पासून आयट्यून्सवर एकेक गाणे सुटे मिळू लागले आणि बारा गाण्यांची तबकडी घेण्याची सक्ती संपली. मात्र घसरण थांबली ती मासिक वर्गणी भरून गाणी ऐकण्याची सोय रुळल्यावर. म्हणजे लोकांना पैसे द्यायचे नव्हते असे नाही. द्यायची सोय नीट नव्हती. हा मुद्दा कंपन्यांच्या विरुद्ध जातो तितकाच 'माहिती फुकटच हवी' म्हणणाऱ्यांच्याही विरुद्ध जातो.

आता वाटणाऱ्यांच्या औदार्याकडे वळता येईल. शेअरिंग ही सहकाराची नवी संस्कृती आहे, प्रत्येकजण घेतो तसे देतो, असे चित्र रंगवले जाते. मराठीत ज्या कंपनीच्या नावाने प्रत काढण्याची क्रियाच ओळखली जाते, त्या झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एतान अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २००० साली 'नुटेला' या जाळ्याची पाहणी केली. या जाळ्यात मधे कुठला मालक नव्हता. सगळे सहभागी समान. पाहणीत दिसले, की सुमारे ७० टक्के लोक एकही फाईल वाटत नव्हते, आणि आलेल्या मागण्यांपैकी जवळपास निम्म्यांना वरचे एक टक्का लोकच उत्तर देत होते. पंगतीला सगळे, वाढायला कुणी नाही.

याचा सर्वांत प्रामाणिक विचार केला तो एका तंत्रज्ञानेच. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरंट तयार केले तेव्हा माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही. फाईलचे छोटे तुकडे केले, आणि ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो त्याने इतरांना देत राहायचे असे ठरवले. प्रत्येकाचा संगणक दर दहा सेकंदांनी पाहतो, की आपल्याला कोण देत आहे. जो देतो त्याला तो देतो, जो देत नाही त्याचा नळ बंद करतो. नव्या माणसाला सुरुवात करता यावी म्हणून दर तीस सेकंदांनी एखाद्याला उधारीवरही दिले जाते. जशास तसे, अधूनमधून एखादी संधी. फुकट वाटपाचे जगातले सर्वांत यशस्वी यंत्र परतफेडीच्या सक्तीवर चालते, ही गोष्ट त्या यंत्राचे भक्त विसरतात. पण कोहेन यांनी जी परतफेड घडवली ती बँडविड्थची. तुकडा तुकड्याच्या बदल्यात मिळाला. ज्याने चित्रपट काढला त्याचा या देवाणघेवाणीत कुठे तुकडा नाही.

तंत्रप्रेमींची बाजू जिथे खरी आहे, तिथे ती पुरती खरी आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस आणि दिल्ली विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विकली जातात, ही तक्रार. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात प्रती काढायला मुभा आहे, ती झेरॉक्स यंत्र आल्याने संपत नाही, असा निकालाचा गाभा होता. डिसेंबरमध्ये खंडपीठाने प्रश्न थोडा बारीक केला: शिकवण्याच्या कामासाठी लागते तेवढेच घेतले का, हे पाहावे लागेल. हा निकाल योग्य आहे. पण तो स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या नोट्स टेलिग्रामवर विकणाऱ्यांच्या बचावाला येत नाही. ज्यांचे साहित्य असे विकले गेले त्या एका शिक्षिकेच्या तक्रारीवर त्याच न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला.

प्रताधिकाराची मुदत लांब आहे, ही तक्रारही रास्त. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे असलेली मुदत रवींद्रनाथ टागोरांच्या पुस्तकांचे हक्क संपत आले तेव्हा, १९९२ च्या दुरुस्तीने ६० वर्षांची करण्यात आली. एका लेखकासाठी सगळ्या देशाचे वाचक दहा वर्षे थांबले. पण थांबण्याला शेवट असतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ पासून कुणीही छापावी, टंकावी, पाठवावी. 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी काढलेला १९५३ चा चित्रपट चित्रपट म्हणून १ जानेवारी २०१४ पासून मोकळा झाला, मात्र त्यात अत्र्यांनी लिहिलेली गाणी २०२९ अखेरपर्यंत मोकळी होत नाहीत, कारण अत्रे १९६९ मध्ये गेले. कायदा हा असा किचकट आहे, आणि त्याला हसणाऱ्याला दोष देता येत नाही.

दुर्मीळ पुस्तकांचे काय, हा प्रश्न सर्वांत अवघड. प्रकाशक बंद पडलेला, वारस ठाऊक नाहीत, ग्रंथालयातली प्रत वाळवीने खाल्लेली. अशा पुस्तकाचे कुणी स्कॅन करून वाटले तर त्याच्यावर ओरडणे शुद्ध ढोंग होईल. तंत्रप्रेमी मात्र या अनाथ पुस्तकांची ढाल करून गेल्या दिवाळीत आलेली कादंबरी वाटतो. ज्यांना फुकटच द्यायचे आहे, त्यांच्यासाठी मार्ग आहे: ई साहित्य प्रतिष्ठान कित्येक वर्षे लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तके विनामूल्य पोचवीत आले आहे. फरक संमतीचा आहे, आणि संमती विचारायला एक फोन लागतो.

प्रताधिकार बाजूला ठेवला तरी 'फाईल पाठवली म्हणजे मजकूर पोचला' हे दुसरे गृहीतक उरते, आणि मराठीत ते रोज खोटे ठरते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात मजकूर वर्षानुवर्षे श्रीलिपी, आयएसएम यांच्या आणि कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत बसवला गेला. या फॉन्टांची युक्ती अशी, की संगणकाला रोमन अक्षरच ठाऊक असते. फॉन्ट त्या अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र दाखवतो. 'क'चा दांडा वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. पाने लावण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये हे झकास चालायचे, आणि पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली येऊनही तो कित्येक ठिकाणी काल-परवापर्यंत चालू होता.

अशी फाईल ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला पाठवली, की पडद्यावर रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे आणि स्वल्पविराम यांची खिचडी उमटते. मग समोरचा फोन करतो, 'फॉन्ट पण पाठवा'. फॉन्ट पाठवला की तो भलत्याच आवृत्तीचा निघतो आणि जोडाक्षरे फुटतात. शेवटी वैतागून पीडीएफ केली जाते. पीडीएफमध्ये पान देखणे दिसते. पण त्यात 'महाराष्ट्र' शोधला तर एकही सापडत नाही, कारण पानाच्या पोटात 'महाराष्ट्र' नाहीच, रोमन अक्षरांची तीच खिचडी आहे. दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र ती खिचडीच वाचून दाखवते. दिवाळी अंकांच्या कित्येक वर्षांच्या फाईली अशा अवस्थेत पडून आहेत: पाठवता येतात, शोधता येत नाहीत. याउलट मोल्सवर्थच्या १८५७ च्या शब्दकोशात शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुठलाही शब्द क्षणात सापडतो, कारण तिथे कुणीतरी बसून तो जाडजूड कोश अक्षर न् अक्षर टंकून घेतला आणि त्या कामाचे पैसे दिले. पुस्तक प्रताधिकारातून कधीच सुटलेले होते. प्रत फुकट होती. मजकूर फुकट नव्हता.

तिसरे गृहीतक, 'नेटवर गेलेले कधी जात नाही'. मेगाअपलोड हे साठवणीचे संकेतस्थळ १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकी सरकारने बंद केले, तेव्हा चोरट्या चित्रपटांबरोबर लोकांची स्वतःची कागदपत्रे आणि चित्रफितीही अडकल्या. मायस्पेसवर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर हलवताना गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. पैसे मोजून घेतलेलेही सुरक्षित नसते: जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' परत काढून घेतली, आणि मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळल्यावर २०१९ च्या जुलैत ग्राहकांची विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली, पैसे परत मिळाले एवढेच. इथे तंत्रप्रेमी म्हणेल, म्हणूनच प्रत आपल्याजवळ हवी. बरोबर. पण जो लिंक पाठवतो, त्याने प्रत ठेवलेलीच नसते. टॉरंटचेही तसेच: शेवटचा वाटणारा संगणक बंद करून झोपला की बाकीचे ९९ टक्क्यांवर ताटकळतात. घरातल्या लग्नाचे फोटो हे याचे साधे उदाहरण. ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की आकाराने आक्रसतात. मूळ फाईली ज्या फोनमध्ये होत्या तो फोन बदलला जातो. आणि पाच वर्षांनी भिंतीवर लावायला मोठी प्रत काढायची म्हटली की पन्नास नातेवाइकांच्या फोनमध्ये पन्नास प्रती असतात, सगळ्या सारख्याच धुरकट. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले असते तर फोटो होते तसे पोचले असते.

रोजच्या व्यवहारात सर्वांत महाग पडतो तो खर्च गुप्ततेचा, आणि तंत्रप्रेमी त्याविषयी सर्वांत कमी बोलतो. कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हे पाहता येते. काउंटरवर पुठ्ठ्यावर व्हॉट्सॲपचा नंबर लिहिलेला असतो. गिऱ्हाईक रांगेत उभे राहूनच आधार, सातबारा, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक त्या नंबरावर टाकते. दुकानदार संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून फाईल उतरवतो, छापतो, पाच-दहा रुपये घेतो, पुढच्या माणसाकडे वळतो. कागद गिऱ्हाईक घेऊन जाते. फाईल राहते. डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये 'आधार', 'आधार १', 'आधार १४', 'नवीन आधार', 'पप्पा पॅन' अशी रांग लागलेली असते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल. गिऱ्हाईक तो त्याच गप्पांत, फाईलच्या खालीच लिहून पाठवते, कारण त्याशिवाय दुकानदाराला छापता कसे येणार? दुकानदार बहुधा भला माणूस असतो. संगणक दुरुस्तीला नेणारा, दुपारी बसणारा भाचा, जुना संगणक भंगारात घेणारा, हे सगळे भले असतीलच असे नाही. आणि ते कोण आहेत हे फाईलच्या मालकाला कधीच कळत नाही.

'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली' असे यावर सांगितले जाते. आधार क्रमांक ही लपवण्याची गोष्ट नसून जपण्याची आहे. घराची किल्लीही कुणी लाजेखातर खिशात ठेवत नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी आधारच्या छायाप्रती वाटेल तिथे देऊ नका, पहिले आठ अंक झाकलेले 'मास्क्ड आधार' द्या, असे पत्रक काढले. गैरसमज होतील म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले. सल्ला चुकीचा होता म्हणून ते मागे घेतले असे कुणी म्हटले नाही. फाईल घेतानाही तीच बेफिकिरी दिसते. लग्नाची पत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाईल पाठवायची आणि ती उघडणाऱ्याच्या फोनमधले संदेश व बँकेचे व्यवहार ताब्यात घ्यायचे, या फसवणुकीबद्दल पोलिसांनी वारंवार सावध केले आहे. पत्रिका कधीच एपीके नसते. पण 'फाईल आली की उघडायची' ही सवय लागलेल्याला शेवटची तीन अक्षरे कोण वाचायला सांगणार?

दरवेळी प्रत पाठवण्याची गरजही नसते. १ जुलै २०१५ पासून सुरू असलेल्या सरकारी डिजिलॉकरमधला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि त्याची खातरजमा पाहणारा स्वतः करू शकतो. दुकानात छापलेच पाहिजे, तर छापून झाल्यावर फाईल फोल्डरमधून आणि मग रीसायकल बिनमधूनही काढून टाकायला सांगावे, आणि काढेपर्यंत तिथेच उभे राहावे. मास्क्ड आधारसाठी वेगळा अर्ज नाही, फी नाही, हेलपाटा नाही. ई-आधार उतरवताना त्याच पानावर एक छोटी चौकट असते. तिच्यात खूण करावी लागते.